खेळायला शाळा कशाला?

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं बडोद्याला जाऊन तीन वर्षं बालशिक्षण शिकावं, पदवी घ्यावी, आणि शहाण्णव साली लासुर्ण्यात परत येऊन बालवाडी काढावी, तर गावानं काय विचारावं? "खेळायला काय शाळा लागती व्हय?" अहो, माझी सख्खी आत्या, बानूबाई! बांधावरून ओरडते, "सावळाराम, पोरं खेळवायला बडोद्याला जावं लागतं व्हय रं? बाप्या गडी तू, कारखान्यात चिकटला आसतास!"

बरं, ग्रामपंचायतीनं समाजमंदिर दिलं, पण किल्ली कुणाकडे? पंच आबाजींकडे! त्यांची नात सारजा माझ्याच बालवाडीत. रोज संध्याकाळी ते तिची पाटी बघणार... पाटी कोरी! तुम्हाला सांगतो, कोरी पाटी म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. मी समजावलं, आबा, चार वर्षांचं लेकरू आहे, आधी चिंचोके वेचू दे, वाळू चाळू दे, बोटांच्या बारीक स्नायूंचा विकास...

"स्नायू? मग तालमीत घाल की! खेळायला काय शाळा लागती व्हय?"

झालं! बावीस पोरांची नऊ झाली. आबाजी म्हणाले, "शनिवारी समद्यांना बोलवतो. पोरांनी कायतरी करून दावलं तर ठीक, न्हायतर किल्ली परत." मी घाबरलो? छे! म्हटलं, एक पोर उरलं तरी झाडाखाली बसवीन, पण खेळवीनच!

शनिवारी सगळे दाटीवाटीनं बसले. आबाजींनी नातीला उभं केलं, "म्हण, एक ते शंभर." सारजा पाचापाशीच अडली. पाचाच्या पुढं तिला येतच नाही हो! लोक हसले, मागून आत्या सुरू, "तरी मी म्हनत हुते, खेळायला काय शाळा..." तरी म्हटलं, सारजा, सगळ्यांना चहा द्यायचाय, कप मांड बरं. आणि ती काय करते? ओंजळभर चिंचोके घेते, प्रत्येकापुढं एकेक ठेवत जाते, ठेवलेले तेवढेच परत गोळा करते, आत जाते आणि एका चिंचोक्यापाशी एक, असे कप मांडते. माणसं सतरा, कप सतरा! एक जास्त नाही, एक कमी नाही!

आबाजी बघतच राहिले. "हे कुणी शिकवलं गं?"

"कुणीच न्हाय. आमी खेळतो की."

"आरं... माझा बाप आसंच करायचा! सकाळी मेंढरं सोडताना मेंढरागणिक एक खडा घ्यायचा, सांजच्याला कोंडताना एकेक टाकायचा. खडा उरला की मेंढरू चुकलं. त्याला तरी कुठं शंभर येत हुतं?"

जिंकलो ना? सोमवारी सव्वीस पोरं! मी नुसता हवेत! आणि मंगळवारी बघतो तर सारजा डोळे चोळत, मुसमुसत येतेय. मागं आबाजी, हातात छडी.

"पहाटं पाचला उठवून खेळायला बसवतो हिला. कटाळा केला की छडी दावायची! आता एवढं सांग, खेळाची परीक्षा कधी हाय? पयला नंबर आमचाच आला पायजे!"

मी हजेरीपट काढला आणि सव्वीस नावांच्या खाली सत्ताविसावं लिहिलं... आबाजी, वय वर्षं एकाहत्तर!