साखरेच्या खड्याएवढी सरोजिनी

...नाही, पण श्राद्ध घालायचं तरी कुणाचं होतं? तेवढं सांगा मला! सगळे आपले माझ्यावरच डाफरत होते. यज्ञेश्वरराव, वर्ष होत आलं... यज्ञेश्वरराव, लोक काय म्हणतील... अहो, लोक काय म्हणायचं ते म्हणतील, मी विचारतोय त्याचं उत्तर द्या ना! बायको माझी, गेली, वैकुंठ स्मशानात मी स्वतः उभा होतो, सगळं डोळ्यांदेखत झालं. आणि तरी दर गुरुवारी मी तिला भेटायला पाषाणला जात होतो. बसनं. हसताय? हसा, मलाही आधी हसूच आलं होतं.

तुम्हाला सांगतो, आमच्या सरोजिनीनं आयुष्यात काही म्हणजे काही टाकलं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, गॅलरीतल्या तारेवर चिमटे लावून वाळत. श्रीखंडाचे डबे एकात एक घालून माळ्यावर, आणि त्यांची झाकणं वेगळी, पलंगाखाली! अगं, झाकणं वेगळी का, म्हटलं, तर म्हणे त्या झाकणांचे डबे फुटले, पण झाकणं चांगली आहेत. आता डब्याशिवायच्या झाकणाचं माणसानं करायचं काय? बोललो की एकच उत्तर, तेही मान वर न करता... ''असू दे. लागतं कधीतरी.''

तर अशी ही बाई, स्टुलावर चढून माळ्यावरून डबाच काढताना पडली. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, खुब्यातला हाडाचा गोळा काढायचा आणि तिथं धातूचा बसवायचा, हल्ली सगळ्यांचं करतात. ठीक. आणि जुन्या गोळ्याचं काय करता, असं कुणी विचारतं का हो? दुखण्यानं कळवळणारं माणूस विचारतं का? हिनं विचारलं! डॉक्टर म्हणाले, टाकतो एरवी, पण तुमची हरकत नसेल तर एका प्रयोगशाळेला संशोधनासाठी देऊ, त्यांची मुलगी बाहेरच उभी आहे. टाकता? माझं हाड टाकता? हिचा चेहरा बघायला हवा होता. लगेच त्या मुलीला आत बोलावलं.

ती मैना. कात्रजच्या पलीकडची, घरी आजवर गाईम्हशी, आजीचं नाव ठेवलेली, पीएचडी करणारी, हातात बर्फाचा डबा. हिनं तिची अशी उलटतपासणी घेतली की तोंडी परीक्षेलाही कुणी घेत नसेल. कशाला हवंय? कुठं ठेवणार? वाया तर नाही ना घालवणार? मैना बिचारी सांगतेय, आजी, हाडातल्या जिवंत पेशी काढून आम्ही वाढवतो, त्यांच्यापासून नवीन हाड होतं का बघतो. नाव वगैरे नसतं, डबीवर फक्त नंबर असतो. तर ही म्हणाली, ''तुझ्या डबीवर काय हवा तो नंबर घाल. हा माझा नंबर घे. काय झालं ते मला कळवायचं, मी वाट बघीन.'' आणि मग माझ्याकडे वळून, मी काही बोललेलो नसताना... ''असू दे हो. लागतं कुणाला तरी.''

ऑपरेशन उत्तम झालं. काठी सुटली, मंडईत जायला लागली, भाजीवाल्याशी पूर्वीसारखं भांडायला लागली. आणि दिवाळीनंतर एका सकाळी चहा गाळता गाळता गेली. हृदय. खुब्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी इतकं आवर्जून सांगितलं की जसा काही मी खुबा परत मागायला आलो होतो.

दिवस झाले. माणसं आली, गेली. घरात मी आणि झाकणं. हिचा फोन मात्र मी रोज चार्ज करत होतो, का ते विचारू नका, तुम्हीही कराल. आणि एक दिवस तो वाजला! उचलला तर पलीकडून, ''आजी, ओळखलंत का? मैना! अहो, तुमच्या पेशी फ्रीझरमधनं काढल्या ना, एकदम मस्त वाढल्यात! कळवते म्हणाले होते ना मी?'' मी म्हटलं, बाळ, मी यजमान बोलतोय. आजी गेल्या. आणि मग ती अगदी हळू म्हणाली, ''पण आजोबा... आजी इथं आहेत.''

आता सांगा, यावर माणसानं काय करायचं? मी पाषाणची पहिली बस धरली.

तिथं देवळातल्यासारख्या चपला बाहेर, पायात पिशव्या, अंगात डगला, आणि कशालाही हात लावायचा नाही. मैनानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. लावला. काय दिसलं? लांबुळके ठिपके. ओळख काही पटेना. इतक्या वर्षांची बायको, आणि मला ती ओळखू येईना! म्हटलं, यातली नक्की कुठली? तर म्हणे सगळ्याच. पुढे मी आपल्या नेहमीच्या चौकशा केल्या. फ्रीझरमध्ये का ठेवलंत, गणपती झाले की स्वेटर काढणारी बाई ती! म्हणे, आता उबेत आहेत, माणसाच्या अंगाइतकी ऊब असते त्या कपाटात. बरं, खायला काय? तर एक गुलाबी पाणी, दिवसाआड बदलायचं. त्यात काय असतं? क्षार, प्रथिनं, साखर... साखर?! अहो, तिला डायबेटिस होता! मैना हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग आम्ही दोघंही तिथं डगले घालून उभे, आणि रुमाल खिशातून काढायचा म्हटलं तर डगला वर करायची पंचाईत.

तर तेव्हापासून गुरुवार. काम काय होतं तेही सांगतो, कारण मला ते तिनं इतक्यांदा समजावलंय की मी आता बसमध्ये शेजारच्याला समजावतो. अनारशाला कशी जाळी पडते, तशा जाळीचा पांढरा तुकडा, साखरेच्या खड्याएवढा. हाडातलाच क्षार आणि एक प्रकारचं प्लास्टिक मिसळून मशीनवर छापून काढलेला. त्यात पेशी सोडायच्या. त्या आत जाऊन बसल्या, रुजल्या, की हाड तयार करतात, आणि प्लास्टिक हळूहळू विरघळून जातं. म्हणजे मागे फक्त हाड. विरघळणारं प्लास्टिक! अशा पिशव्यांतून दूध आलं असतं तर माझी गॅलरी नाही का मोकळी झाली? पण ते जाऊ दे. मुद्दा असा की तरुण माणसांच्या पेशी या जाळीत पटकन बसत होत्या. पण हाडं मोडतात कुणाची? म्हाताऱ्या बायकांची! त्यांच्या पेशी मुळात थकलेल्या. त्या बसल्या तरच या सगळ्या खटाटोपाला अर्थ. मैनाचा सगळा प्रबंध त्यावर. आणि हिच्या काही बसेनात.

मला आश्चर्य वाटलं नाही. नव्या जागी हिला कधी झोप लागली होती? या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा महिनाभर रात्री उठून भिंतीला हात लावून बघायची. मी मैनाला म्हटलं, वेळ दे तिला. मैना म्हणाली, वेळच देतेय आजोबा, दुसरं काय देणार. आणि तुम्हाला सांगतो, बसल्या! एका गुरुवारी गेलो तर पोरगी दारातच उभी, आत बसल्या म्हणाली, घट्ट बसल्यात, आता उठत नाहीत. मी घरी आलो आणि कितीतरी दिवसांनी स्वतःसाठी वरणभाताचा कुकर लावला.

आणि नेमकं तेव्हाच वर्षश्राद्ध आलं. माझा मेहुणा दिगंबर, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. हा माणूस दुसऱ्यांच्या घरातली कार्यं स्वतःच्या डायरीत लिहून ठेवतो. त्यानं परस्पर गोपाळकृष्ण गुरुजींना सांगून टाकलं. वर्षश्राद्ध म्हणजे काय, तर गेलेलं माणूस पितरांत मिसळवायचं. तिथून पुढे ती आपली सरोजिनी नाही, पितरांतली एक. मी गुरुजींना फोन केला. म्हटलं, गुरुजी, एक अडचण आहे. तिचं थोडं जिवंत आहे.

गुरुजी अस्सल पुण्याचे. आवाजात काडीचा फरक नाही. म्हणाले, ''थोडं म्हणजे किती?''

म्हटलं, साखरेच्या खड्याएवढं. आणि सगळं सांगितलं, जाळी, गुलाबी पाणी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ''पोथीत याला आधार नाही. आणि जिवंताचं श्राद्ध मी घालत नाही. आधी तुमचं तुम्ही नक्की करा, मग मला सांगा. हे अगोदर बोलायला हवं होतंत, मी दोन ब्राह्मण सांगून बसलोय.'' आणि ठेवला फोन!

दिगंबर भडकला. वेड लागलंय म्हणाला, ताईला अडकवून ठेवलंयत म्हणाला. आता हे लागलं मला. मी अडकवलंय? मी? ...रात्रभर तेच. आणि खरं सांगू का, हो. अडकवलंच होतं. मला दुसरं कोण होतं हो गुरुवारी भेटायला?

पुढच्या गुरुवारी मैना नेहमीसारखी बोलेना. डगला नीट कर, खुर्ची दे, असं चाललेलं. शेवटी म्हणाली, आजोबा, आत हाड झालंय की नाही हे बघायचं तर पेशी थांबवाव्या लागतात. औषधात घालायच्या, मग रंग घालायचा. पेशींनी केलेलं हाड असेल तिथं लाल होतं, जाळी पांढरीच राहते. थांबवाव्या म्हणजे? म्हणजे... तुम्हाला कळलं. मलाही कळलं. मी दोनदा पुढं ढकललं, म्हणाली, सर ओरडतायत, पण तुम्हाला न सांगता मला करवेना.

मी काय केलं असेल? वाद घातला! मुकाट्यानं ऐकणाऱ्यांतला मी नव्हेच. म्हटलं, आणखी थोडे दिवस ठेव, काय बिघडतंय, खातायत कुणाचं? ती म्हणाली, ''आजोबा, त्या म्हाताऱ्या झाल्यात. महिन्याभरात आपोआप थांबतील. मग बघायला काही राहणार नाही. सगळं वाया जाईल.''

वाया जाईल. आता तुम्हीच सांगा, त्या बाईच्या हाडासमोर उभं राहून हा शब्द? माझ्या कानात स्पष्ट ऐकू आलं... पिशव्यांची तार, चिमटे, आणि तो आवाज. आणि पहिल्यांदा मला वाटलं, की सरोजिनी वस्तू साठवत नव्हतीच कधी. कुणाला तरी लागेल, याची वाट बघत होती. मी साठवतोय.

मैनाला म्हटलं, कर. ती म्हणाली, बाहेर थांबता का? म्हटलं, नाही. ती चहा गाळताना गेली तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. या वेळी थांबतो.

काही झालं नाही हो. म्हणजे दिसण्यासारखं काही नाही. गुलाबी पाणी काढलं, दुसरं पाणी घातलं. मी हात जोडले. मैनानंही जोडले, हातमोज्यांसकट.

रंग घातला पुढच्या आठवड्यात. मी खुर्चीवर, ती सूक्ष्मदर्शकापाशी. बघते, भिंग फिरवते, पुन्हा बघते. एरवी पुस्तकी मराठी बोलणारी ती पोरगी, एकदम गावाकडचीच झाली, ''आजोबा... हाड हाय! समदीकडं हाड हाय!'' मी बघितलं. लाल. जाळीच्या भोकाभोकांत लालच लाल. थकलेल्या, सत्तरीच्या बाईनं त्या परक्या जागेत बसून हाड केलं होतं. मला ती या वेळी ओळखू आली.

मग गुरुजींना फोन केला. म्हटलं, या. त्यांनी विचारलं, पूर्ण? म्हटलं, पूर्ण. त्यांनी सगळं यथासांग केलं, दिगंबर चूक काढायला टपलेला होता, त्याला एक सापडली नाही. पिंड मिसळताना माझा हात मागेच राहिला, गुरुजींनी तो धरून पुढे नेला. आणि सगळं आटोपल्यावर पाटावरून उठता उठेनात. मी हात दिला. कानाशी येऊन हळूच म्हणाले, ''ती मुलगी... गुडघ्यांचं काही करते का?''

आता गुरुवार मोकळा. मग मी विचार केला, खुबा तर मलाही आहे. दोन आहेत! माझ्यामागे कुणीतरी मैनाकडे यावं, डगला घालावा... कोण येणार ते सोडा. पण काहीतरी व्हावं ना आपलंही. गेलो त्याच डॉक्टरांकडे. म्हटलं, काढा. त्यांनी फोटो काढला, उजेडावर धरला, आणि पाठीवर थाप मारून काय म्हणाले माहितीये? यज्ञेश्वरराव, हेवा वाटावा असे खुबे आहेत तुमचे! ठणठणीत! आणखी वीस वर्षं काही होत नाही यांना!

वीस वर्षं... रिकाम्या घरात... ठणठणीत!

जिना उतरलो. घरी आलो. सकाळी मीच धुऊन तारेवर लावलेल्या पिशव्या वाळल्या होत्या, घड्या करून ठेवल्या. म्हटलं, असू देत. लागतील कधीतरी.