गिअरबॉक्स पोटावर आणि आत्या दारात

हसू नका राव, पण दादाला जाऊन महिना झाला होता आणि आई त्याची बंद पडलेली गाडी भंगारात द्यायला निघाली होती. मी म्हटलं, थांब, मीच चालू करतो. कुरुळीच्या घरासमोर गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली आणि गिअरबॉक्स काढायला खाली शिरलो.

शेजारचा सागर शिफ्टला जाता जाता म्हणाला, "भावा, गिअरबॉक्सखाली जॅक लाव."

"दादा एकट्यानं उतरवायचा," मी म्हणालो.

शेवटचा बोल्ट काढला आणि गिअरबॉक्स माझ्या पोटावरच येऊन बसला. तोंडातून आवाज फुटेना. तेवढ्यात माणची आत्या दुखवट्याला आली. तिला गाडीखालून फक्त माझे पाय दिसले.

"आगं बया, ह्यो बी गेला गं!" तिनं गळा काढला.

आई धावत आली आणि पहारीनं गिअरबॉक्स बाजूला कलंडवला.

"जिवंत हाय मी, आत्या."

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय? उगा रडवलंस!"

मी आईला विचारलं, "दादा एकटा कसा उतरवायचा गं?"

"एकटा कुठला? खाली जॅक असायचा आणि इथं पायरीवर मी." आई पायरीवर बसली. "भंगारवाल्याला नको म्हणून सांग. आणि जॅक आण आधी."