होता तिथेच

"त्या गाणं मिक्स करायला शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या गुरुजींनी तुझं वाटोळं केलंय, दादा!"

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीकाकांनी कान टवकारले. शेजारी बहीण-भावानं घरी रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकायला एकच इअरफोन वाटून घेतला होता.

"बीट कसली दणदणीत झालीय बघ!"

"झालीय की. पण मी गातेय कुठे?"

"आहेस ना! ड्रमचा आवाज दबला म्हणून वाढवला. मग बास गिटारचा दबला, तोही वाढवला. मग पुन्हा ड्रम."

"आणि माझा आवाज?"

"होता तिथेच आहे."

"धन्य आहेस! आई दात काढून आली की हे ऐकून माझा गाण्याचा क्लास ठरवणार. काय ठरवेल? ड्रमलाच क्लास लावायचा?"

"बरं बाई, तुझाही वाढवतो."

"पुन्हा वाढवणंच! सगळंच वाढवलंस तर मी दबलेलीच."

आतलं दार करकरलं. काका गाल विसरले.

"आली आई! लवकर बोल दादा, ड्रम की बास, कमी कोणाला करतोस?"