डाव्या हाताचं माप

—पहिल्यांदा खटकलं ते डाव्या हाताचं, काका. सारखी फोनकडे काय बघतेस असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय, नाहीतर गिऱ्हाइकाला असलं कुणी सांगतं का? — हात असा काटकोनात वाकवा, हां, खांदा सैल — तर वेदांगने विचारलं, स्कॉटलंडला डाव्या हाताची रायफल मिळेल का गं भाड्याने? म्हणजे जिचा बोल्ट, काडतूस भरायला ओढतात तो दांडा, डावीकडे असतो ती. मी म्हटलं, मिळेल की, आधी कळवायला हवं फक्त. आणि फोन ठेवल्यावर वाटलं, वेदांग तर उजवा आहे. एवढंच. एवढीशी गोष्ट.

वेदांग म्हणजे माझा — साखरपुडा झालाय आमचा, डिसेंबरात लग्न आहे, साताऱ्याला. तो दुबईत असतो, मरीनाला. त्याची कंपनी बड्या क्लायंट लोकांना स्कॉटलंडला नेते, हरणाच्या शिकारीला. रायफल इथून कोण नेणार, तुमच्यासारखंच, तिकडचीच भाड्याने घ्यायची. कुठली घ्यायची, कुठलं काडतूस मागायचं, ते मला विचारतात. म्हणजे तो विचारतो. अबू धाबीत बंदुकांच्या दुकानात बसून मी स्कॉटलंडच्या हरणांना कुठली गोळी लागावी ते ठरवते, आमच्या घरी कळलं ना तर — आई अजून सगळ्यांना सांगते की मुलगी स्पोर्ट्सच्या दुकानात आहे. तुम्ही काकूंना शिकारीचं सांगितलंत? नाही ना? वाटलंच. जावयाकडे न्यूझीलंडला चाललोय एवढंच सांगितलं असणार. बरंय. परत आल्यावर सांगा.

साडेतेरा. तुमचं माप साडेतेरा इंच आलं, कोपराच्या आतल्या घडीपासून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. हे जावयाला कळवा. कारण काय होतं माहितीये का, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, लांब पडला की माणूस मान पुढे काढतो, दस्ता खांद्यात नीट बसत नाही आणि मग अगदी हलक्या काडतुसाचा धक्कासुद्धा हाडात जातो. तुमच्या तर कॉलरबोनमध्ये प्लेट आहे. थ्री-झीरो-एटचं काडतूस नको तुम्हाला. मिळेल, सगळीकडे मिळतं ते, लोक आग्रहही करतील, पण चार गोळ्यांत खांदा धरून बसाल. टू-फोर्टी-थ्री अगदी मऊ, पण गोळी लहान, आणि तिकडचं लाल हरीण चांगलं घोड्याएवढं — बरं, घोड्याएवढं नाही, मी जरा वाढवून सांगते, सवय आहे. पण नवख्या माणसाचा नेम दोन बोटं इकडेतिकडे झाला तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन् तास — ते नको. म्हणून मधलं. सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर. एकशेचाळीस ग्रेन वजनाची गोळी, दीडशे मीटरच्या आत जायचं, रायफल जरा जड मागायची, जड रायफल धक्का स्वतः खाते. आणि पुढे सायलेन्सर. धक्का अर्धा राहतो आणि दचकायलाही होत नाही.

वेदांगलाही हेच सांगितलं होतं. शब्द न् शब्द हेच.

वयस्कर क्लायंट आहेत म्हणाला, पहिल्यांदाच येतायत, खांद्याचा त्रास आहे, धक्का देणार नाही पण हरीण एका गोळीत पडेल असं काहीतरी सुचव, तूच सुचवू शकतेस. मी किती मन लावून केलं ते, काका. मुदीर, आमचा मॅनेजर, म्हणाला, यल्ला, चल, आता पुरे, एका माणसासाठी किती मेल लिहितेस. पण मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, पहिलंच हरीण, चांगलं व्हावं त्याचं. मग मी माप मागितलं. बारा, म्हणाला. बारा इंच! पुरुषाचं बारा नसतं हो. माझंच साडेबारा आहे. तर मी काय म्हटलं असेन स्वतःला? म्हटलं, म्हातारपणी माणूस आक्रसत असेल. हसा, हसा. मीपण हसले होते. बारा इंची, डावखुरे, आक्रसलेले आजोबा.

विचारलं मी त्याला, माप घेतलं कुणी? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं त्यांनी, म्हणाला. आता बघा, तुमचं माप मी घेतलं. का? कारण हात वाकवून धरल्यावर एकट्याला टेप लावताच येत नाही. समोर दुसरं माणूस लागतं. कोपर एका हातात धरायचं आणि दुसऱ्या हाताने टेप बोटापर्यंत न्यायची, मान खाली घालून, जवळून. आम्ही भेटलो ते तसेच. याच काउंटरला. तो हात वाकवून उभा राहिला आणि माझी टेप तीनदा घसरली. मग म्हणाला, आता तुमचं घेऊ द्या, शिकायचंय मला. मीच शिकवलं त्याला. अंगठा घडीत कसा ठेवायचा ते सगळं.

— अगं आई! नाही, काही नाही, दरवाजा वाजला फक्त, फिझा असेल, माझ्याबरोबर काउंटरला असते ती, जेवून आली. मला दचकायची सवयच आहे. वेदांगला सगळ्यात जास्त मजा वाटते त्याची. क्लबात नेमबाजीला नेलं होतं त्याने, तेव्हा चार गोळ्या खऱ्या भरल्या आणि मला न सांगता पाचवी रिकामी. बार न होणारी. मी चाप ओढला, आवाज नाही, धक्का नाही, काही नाही, आणि तरी मी डोळे गच्च मिटून नळी खाली पाडली. असंच करतात, शिकणाऱ्याची भीती दिसावी म्हणून. वाईट नाही काही त्यात. तो मागून खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बघ, काहीही झालं नाही आणि तू आधीच घाबरलीस. तेव्हापासून काही विचारलं की हेच. फोन का नाही उचललास? — रिकामी गोळी, राणी. रविवारी कुठे होतास? — रिकामी गोळी. आणि खरंच, काका, प्रत्येक वेळी रिकामीच निघाली. किंवा मी निघाली असं म्हटलं.

म्हणूनच करतेय ना फोन. तो गेलाय स्कॉटलंडला, परवापासून करतेय. रिंग जाते, उचलत नाही. डोंगरात रेंज नसेल. असेलही, कारण फोटो तर टाकलाय त्यांनी, तिकडच्या शिकारवाल्यांनी, आज सकाळी, त्यांच्या पेजवर. दाखवू? नको. दाखवते. हे बघा. हरीण बघा, एकच गोळी, खांद्याच्या मागे, अगदी जिथे लागायला हवी तिथे. फार झाडले नसणार त्याने पाय. आणि ही. गालावर लाल लावलंय ना, ते हरणाचं रक्त, पहिल्या शिकारीला लावतात, पद्धत आहे तिकडे. दोन बोटांनी कुणीतरी लावलंय. बोल्टवर डावा हात. माझ्याच वयाची असेल. क्लायंटची मुलगी असेल, मी म्हटलं. असू शकते ना? तुम्हीच सांगा, म्हाताऱ्या माणसाबरोबर मुलगी जाणारच. पण जॅकेट — मोठं करून बघा, खिशाचं बटण. लाल दोऱ्याने शिवलंय. वेदांगचं बटण तुटलं तेव्हा हिरवा दोरा नव्हता घरी, मी लाल घातला. म्हटलं, कोण बघतंय.

तुम्ही बोलू नका काही. प्लीज. माझ्या बाबांच्या वयाचे आहात, तुम्ही काही बोललात तर मी इथे काउंटरवर — फिझा बघेल. पॅड देते तुम्हाला खांद्याला लावायला, मऊ आहे, शर्टच्या आत बसतं, सीटबेल्टसारखं आडवं. शंभर दिऱ्हॅम, म्हणजे अडीच हजार धरा — नका घेऊ, टॉवेलची घडी ठेवा, तेवढंच काम होतं, मुदीरला सांगू नका. आणि एक लक्षात ठेवा, चाप हळू दाबायचा, आता होईल मग होईल असं करायचं नाही, त्यानेच दचकतं माणूस. श्वास सोडायचा आणि — वाजतोय. नाही, मीच लावलाय परत, बोलता बोलता लागला. राहू दे. दहा वेळा वाजेल आणि बंद पडेल, बघा तुम्ही, रिकामी—

उचलला.

हॅलो? वेदांग? … हां. … नाही नाही, मराठीत बोला ना, मीपण मराठीच. … झोपलाय का. नको, उठवू नका. मी दुकानातून बोलतेय, अबू धाबीहून, रायफल आम्हीच सुचवली होती, तुमची, बारा इंची. … हो, मीच ती. … थँक्यू. तेवढंच विचारायचं होतं. खांदा दुखला नाही ना तुमचा?