नाव नसलेली खूण

आजोबा: बंद! आजपासून व्यायाम बंद. तुझा आलेखच सांगतोय.

नात: आलेख असं कुठे सांगतोय?

आजोबा: डोळे आहेत मला. गुडघा बदलल्यापासून रोज दातओठ खात पाय वाकवतोय, तू अंश मोजतेस, आणि ही रेघ बघ. आडवी पसरलीय, माझ्यापेक्षा आळशी!

नात: चढलीय हो. मी अक्ष शून्य ते एकशेऐंशी घेतला, म्हणून कळत नाही.

आजोबा: एकशेऐंशी? गुडघा आहे की घडीची खुर्ची? कुणाचा वाकतो एवढा?

नात: ...कुणाचाच नाही.

आजोबा: आणि या पन्नास, शंभर, दीडशेच्या खुणा?

नात: त्या R च्या, आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या. आपण काही सांगितलं नाही, की तो स्वतःच्या मनानं गोल आकडे मांडतो.

आजोबा: माझ्या गुडघ्यात त्याला कुणी बोलावलं? शंभरला काय होतं?

नात: काहीच नाही.

आजोबा: मग!

नात: थांबा. त्याच्या खुणा पुसल्या. अक्ष साठपासून सव्वाशेपर्यंत. आता तुमच्या खुणा सांगा. काय काय जमायला हवं?

आजोबा: जिना. खुर्ची. आणि बुटाची नाडी. सून बांधते तेव्हा बालवाडीत गेल्यासारखं वाटतं.

नात:
(टाइप करत)
axis(2, at = c(83, 93, 106),
labels = c("जिना", "खुर्ची", "नाडी"))

आजोबा: अरेच्चा! खुर्ची मागे पडली की!

नात: मागच्याच आठवड्यात. नाडी समोर दिसतेय.

आजोबा: हं. अजून एक खूण घाल. वर.

नात: कसली?

आजोबा: मागच्या दाराची पायरी. ठेंगणी आहे ना.

नात: तिथे तर आजी बसते, कुंड्यांची माती कालवत.

आजोबा: आणि मी शेजारी उभा, तिकीट तपासनीसासारखा. तू खूण घाल. नाव नको.

नात: एकशेसतरा. घातली.

R: खुणा चार, नावं तीन. जमणार नाही.

(R बोलत नाही, पडद्यावर लाल अक्षरं उमटतात, ती नात मराठीत वाचते.)

आजोबा: भलताच चौकस आहे हा!

नात: प्रत्येक खुणेला नाव लागतं त्याला. "पायरी" लिहू?

आजोबा: छे! हा कागद फ्रिजवर लागतो. तिनं वाचलं आणि मला जमलं नाही, तर?

नात: मग रिकामं नाव देते. दोन अवतरणचिन्हं, आत काही नाही.

आजोबा: चालेल त्याला?

नात: बघा. गप्प बसला.

आजोबा: शहाणा आहे. तो व्यायामाचा पट्टा दे इकडे. बघत काय बसलीस?

आजी: (आत येत) काय गं, छापलास का कागद? बघू. जिना, खुर्ची, नाडी... आणि ही वरची? हिला नाव कसं नाही?

नात: ती... आजोबांना विचार.

आजोबा: राहिलं असेल लिहायचं. तू आपली पायरीवर जरा सरकून बसत जा.