बाजूच्या सीटची घंटी

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोर एका जुन्या फोर-बाय-फोरभोवती तिघं उभे होते: गाडीचा मालक, ती विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आणि मिस्त्री.

“रोज ऑफिसला नेईन आणि रविवारी डोंगरात घालीन म्हणतो. झेपेल ना हिला, मिस्त्री?”

“इंजिन ठणठणीत आहे, साहेब.”

“मग येताना बाजूच्या सीटच्या पट्ट्याची घंटी का वाजत होती? तिथं तर कुणीच बसलं नव्हतं.”

“थांबा, दोन्ही पट्टे शेवटपर्यंत ओढून बघतो. गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या गुंडाळीत गाळ राहतोच. मालक, ड्रायव्हरचा पट्टा नवा कोरा दिसतोय.”

“जुना कापून बाहेर पडलो होतो.”

“बाजूचा मात्र जुनाच आहे, आणि गाळानं भरलाय. नदीत घातली होती गाडी?”

“पाणी उथळ वाटलं होतं.”

“बाजूला कोण होतं?”

“बायको.”

“मग हा पट्टा कापलेला कसा नाही?”

मालक गिऱ्हाइकाकडे वळला. “साहेब, गाडी खुशाल घ्या, फक्त एवढं ऐका. ती घंटी वाजली तर वाजू द्या, पण तो पट्टा लावू नका. या खेपेला तिला उतरता आलं पाहिजे.”