तुझीच, रूना

रूना: आर्नेल, कॅमेरा बंद कर. ही आजची परीक्षक नाही, ही माझी बहीण आहे.

आर्नेल: पण यादीत यांचंच नाव आहे, रूना. टी. हाल्डोरसन, वय चव्वेचाळीस, राहणार गिमली, टपाल कचेरीत नोकरी. दोनची वेळ यांचीच.

थोरा: हाल्डोरसन माझं लग्नानंतरचं आडनाव. यादी स्वतः वाचली असतीस तर दारातच अडवलं असतंस मला.

रूना: नात्यातल्या माणसांकडून आम्ही अ‍ॅप तपासून घेत नाही, थोरा. अर्जात स्पष्ट विचारलंय, कंपनीत कुणी ओळखीचं आहे का म्हणून.

थोरा: मी 'नाही' लिहिलं. नोव्हेंबरपासून तुझा आवाज ऐकलेला नाही. याला ओळख म्हणतात का तुमच्या विनिपेगमध्ये?

रूना: हे बघ, उद्या सकाळी दहाला विमा कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांनी होकार दिला की त्यांच्या चाळीस हजार ग्राहकांच्या फोनवर एका दिवसात हे अ‍ॅप जाईल. आज माझ्याकडे भांडायला वेळ नाही. आपण रविवारी बोलू.

थोरा: म्हणून तर आज आले. एवढ्या बर्फातून दीड तास गाडी हाकत आलेय. काय रे बाळा, तुझं नाव काय म्हणालास? तुमचा तो नियम वाचून दाखव. मघाशी खाली बसले होते, तेव्हा आधीच्या बाईंना वाचून दाखवत होतास तो.

आर्नेल: आर्नेल. तो... "अ‍ॅप वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. आम्ही उत्तर देणार नाही, समजावणार नाही, बाजू मांडणार नाही. चूक तुमची नसते, अ‍ॅपची असते."

थोरा: शेवटचं वाक्य परत वाच. हिच्याकडे बघून.

रूना: आर्नेल, वाचू नकोस.

थोरा: फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस. इथं तुला गप्प बसायचा नियम आहे. लावा तो कॅमेरा. मी वापरते तुमचं अ‍ॅप.

आर्नेल: रूना, परीक्षक आलेत, फॉर्मवर सही झालीय. माझ्या मते चाचणी घेऊन टाकू या. वीस मिनिटांचं काम.

रूना: घे. घे बाबा. वीस मिनिटं.

थोरा: उघडलं. पहिल्याच पडद्यावर मी. "ही माझी बहीण थोरा. तीन वर्षं ती अंथरुणातून उठली नव्हती. एके दिवशी तिनं बूट चढवले, दार उघडलं आणि धावत सुटली. आज ती पूर्ण बरी आहे. तुम्हीही होऊ शकता." खाली फोटो. तळ्याकाठी धावतेय बया, केस उडतायत. मनात काय येतंय सांगू, आर्नेल?

आर्नेल: सांगा मॅडम. जे येईल ते.

थोरा: मी कुत्र्यामागे धावतेय. मोली पट्टा तोडून पळाली होती आणि मी बोंबलत तिच्यामागे. हिनं फोटोतून कुत्रं कापलं!

आर्नेल: ...हे मी लिहून घेऊ का?

थोरा: मोठ्या अक्षरात लिही. आणि पुढे लिही, की सहा आठवडे मी इस्पितळात होते. दोन वर्षं गोळ्या घेतल्या. दर गुरुवारी डॉक्टरसमोर बसून रडले. चालायला मी लागले ती त्यानंतर. चालून बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण चालता येण्याइतकी बरी मला गोळ्यांनी केली. तो भाग कुठाय? कुत्र्याबरोबर तोही कापला?

रूना: एका पडद्यावर साठ शब्द बसतात, थोरा! साठ! आणि तुला विचारून लिहिलं होतं. तू हो म्हणालीस. हसून म्हणालीस.

आर्नेल: रूना, आपण उत्तर द्यायचं नाही.

रूना: तू गप रे!

थोरा: हो म्हणाले. तू स्वयंपाकघरात इतकी नाचत होतीस, की नाही म्हणवेना. मला काय माहीत, तू तेच औषधांच्या दुकानात, आईस हॉकीच्या मैदानावर, दवाखान्याच्या भिंतीवर लावशील! टपाल कचेरीत बायका पाकिटं द्यायला येतात आणि विचारतात, आज किती पळालीस? माझ्या गावात मी आता माणूस नाही राहिले, जाहिरात झालेय.

रूना: त्या जाहिरातीनं लोक घराबाहेर पडले! मोजून दाखवते मी तुला. अकराशे माणसं रोज चालतायत, त्यांतली निम्मी म्हणतात झोप सुधारली. हे खोटं आहे? त्या तीन वर्षांत दर शनिवारी कोण येत होतं गिमलीला? तुझा नवरा हात टेकून बसला होता. तुला बूट कुणी घातले? मी! रस्त्यावर कुणी नेलं? मी! तेच मला सगळ्यांसाठी करायचं होतं. त्यात माझं काय चुकलं ते सांग!

थोरा: तू मला हाताला धरून नेलंस. फोननं नाही. आपण फाटकापर्यंत जायचो आणि मी रडायला लागले की परत यायचो, आणि तू एक शब्द बोलायची नाहीस. आता बघ हे बदक काय बोलतंय. थांब, दुसरा पडदा.

आर्नेल: ते बदक म्हणजे आपला सोबती, मॅडम. तुम्ही चाललात की ते पोहतं. नाही चाललात की...

थोरा: माहितीय मला. माझ्या फोनवर आहे ते बसलेलं, मान घालून. "थोरा, तुझं बदक उदास झालंय." अगं, मी उदास झालेय! बदकाला काय धाड भरलीय? आजारी माणसाच्या गळ्यात आणखी एक आजारी बदक बांधायचं, ही कुणाची अक्कल?

आर्नेल: माझी.

थोरा: मग तुला अजून कुणी आजारी माणूस जवळून बघायला मिळालेला नाही, बाळा. देव करो आणि न मिळो. पुढे वाचते. "अकरा आठवडे झाले, तुझी रोज चालण्याची साखळी तुटलीय." "आज बाहेर सुरेख दिवस आहे, चल!" त्या दिवशी उणे चौतीस होतं. शाळा बंद होत्या!

रूना: थांब. अकरा आठवडे?

थोरा: आता ऐकू आलं का तुला?

रूना: थोरा, तू अकरा आठवडे घराबाहेर पडली नाहीस?

थोरा: कामावर जाते. कामावरून येते आणि कोट न काढता पलंगावर पडते. गुन्नर सूप आणून ठेवतो, ते थंड होतं. आधीसारखंच. अगदी आधीसारखं.

रूना: मला सांगितलं का नाहीस?

थोरा: काय म्हणालीस?

रूना: मला एक फोन करायचास!

थोरा: दोनदा केला. "मीटिंगमध्ये आहे, लवकरच फोन करते" असं लिहून आलं. ते तरी तू लिहिलं होतंस का?

रूना: ...ते आपोआप जातं.

थोरा: वाटलंच. आणि सांगितलं नाही म्हणतेस? एकोणीस वेळा सांगितलं, रूना. लिहून.

रूना: कुठे? मला तुझं एक अक्षर आलेलं नाही.

थोरा: हे बघ. माझा फोन बघ. अठरा नोव्हेंबर, सकाळी आठ. "थोरा, तुझी आठवण आली. आज दहा पावलं टाक, माझ्यासाठी. तुझीच, रूना." मला वाटलं, तू लिहिलंस. पलंगावर उठून बसले मी! लगेच उत्तर दिलं.

आर्नेल: अरे देवा.

रूना: तो... थोरा, तो सगळ्यांना जाणारा संदेश आहे. नाव आपोआप बदलतं. दिवसाला दोन जातात. कंपनीच्या नावानं गेले तर लोक उघडत नाहीत, माणसाच्या नावानं गेले की उघडतात. आम्ही दोन्ही करून पाहिलं होतं.

थोरा: मग त्याला उत्तर दिलं तर ते कुठे जातं?

आर्नेल: एका पेटीत जमा होतं, मॅडम.

थोरा: कोण उघडतं ती पेटी?

आर्नेल: कुणीच नाही. मी ऑक्टोबरात म्हणालो होतो, रूना, की उत्तरं वाचायला कुणीतरी बसलं पाहिजे. तू म्हणालीस, विमा कंपनीचं मार्गी लागलं की बघू.

रूना: मला आठवतंय मी काय म्हणाले.

थोरा: मी टपाल कचेरीत काम करते. चुकीच्या पत्त्यावरचं पाकीटसुद्धा आम्ही परत पाठवतो. फेकून देत नाही. उघड ती पेटी, आर्नेल.

आर्नेल: रूना?

रूना: उघड.

आर्नेल: सहाशे बारा आहेत. तुमचं... हं, हाल्डोरसन. वाचू?

थोरा: हिला ऐकू येईल असं वाच.

आर्नेल: अठरा नोव्हेंबर. "रूना, तुझा मेसेज बघून बरं वाटलं. मला पुन्हा तसंच व्हायला लागलंय. गुन्नरला अजून बोलले नाही. जमेल तेव्हा फोन कर." मग एकोणीस नोव्हेंबर...

थोरा: त्याआधी हिचं आलं ते मी वाचते. एकोणीस, सकाळी आठ. "मला माहितीय तुला कठीण जातंय. पण तू हे करू शकतेस. तुझीच, रूना." म्हटलं, वाचलंय हिनं. फोन नाही केला, पण वाचलंय. कामात असेल. पुढे वाच.

आर्नेल: "हो, कठीण जातंय. डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. तू ये ना एखाद्या शनिवारी." चोवीस नोव्हेंबर. "शनिवारी वाट बघितली. बर्फ होतं, म्हणून आली नसशील." दोन डिसेंबर. "आज फाटकापर्यंत गेले होते, तू म्हणालीस म्हणून. एकटीनं जमत नाही." रूना, मी पुढचं नाही वाचत.

रूना: शेवटचं वाच.

आर्नेल: तेवीस डिसेंबर. "तू कामात आहेस, कळतंय. राहू दे. जेवून घेत जा." मग काही नाही.

थोरा: चोवीसला सकाळी मी आणि माझ्याबरोबर काम करणारी डोरीन कचेरीच्या खिडकीवर शेजारी शेजारी उभ्या होतो. नाताळची गर्दी. दोघींचे फोन एकदम वाजले. तिनं मला हौसेनं दाखवलं, "बघ, तुझी बहीण मला किती प्रेमानं लिहिते." दोघींसाठी तू 'तुझीच' होतीस. महिनाभर मी बदकाशी बोलत होते, रूना. मनातलं सगळं ओकून ठेवलं होतं एका बदकापुढे. लाज वाटली मला. आजारी पडल्याची नाही वाटली, इतकी त्याची वाटली.

रूना: थोरा...

थोरा: रडू नकोस. तू रडलीस की मी तुला समजावत बसते आणि माझं राहून जातं. लहानपणापासून हेच चाललंय. मी चिडलेय, मला चिडू दे.

रूना: नाही रडत. चिडून घे. काय ते बोल.

थोरा: बोलायचं होतं ते बोलून झालं. तो फोटो काढ. भिंतीवरचेसुद्धा. तू स्वतः जाऊन काढ, माणूस पाठवू नकोस.

आर्नेल: रूना, बाकीचीही उघडू का? सहाशे आहेत. हे बघ, सहा जानेवारीचं कुणाचं तरी. "तुम्ही डॉक्टर आहात का? माझ्या मुलाला तीन दिवस झोप नाही." हे दुसरं. "रूनाबाई, तुमच्या बहिणीला जमलं, मला का जमत नाही?" असेच बरेच दिसतायत.

थोरा: बहिणीलाही जमलेलं नाही म्हणून कळव.

रूना: आर्नेल, विमा कंपनीला फोन लाव. उद्याचं होणार नाही म्हणून सांग.

आर्नेल: ते परत येणार नाहीत. दीड वर्षाचं काम आहे, रूना. सात जणांचं.

रूना: ठाऊक आहे! मीच जमवलंय ना सात जणांना! पहिला पडदा आत्ता खाली उतरव. संदेशाखालचं माझं नाव काढ, एकूण एक. बदक बंद कर. आणि सगळ्यांना वर बोलाव, शंभर-शंभर उत्तरं वाटून घ्या. वाचायची आणि ज्याला त्याला फोन करायचा. स्वतःच्या तोंडानं बोलायचं.

आर्नेल: आपल्याला काय येतं बोलता? आपण डॉक्टर नाही.

रूना: मग तेच सांगायचं. "आम्ही डॉक्टर नाही, तुमच्या जवळ कोण आहे?" एवढं विचारता येईल ना? ज्या घरात मूल झोपत नाही, तिथं सगळ्यांत आधी कर.

(आर्नेल लॅपटॉप उचलून बाहेर जातो.)

थोरा: हे माझ्यासाठी केलंस म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस.

रूना: नाही समजत.

थोरा: अजून आठवडाभर तरी मला तुझं तोंड बघवणार नाही.

रूना: बरं. गोळ्या चालू केल्यास का?

थोरा: डॉक्टरकडे गेलेच नाही.

रूना: अगं पण का?

थोरा: वेळ घ्यायला फोन करावा लागतो. दवाखान्यातली एल्फा उचलते. तिच्या पाठीमागच्या भिंतीवर मीच आहे, पूर्ण बरी. तिला काय सांगू? तीनदा नंबर लावला आणि ठेवून दिला.

रूना: नंबर काय आहे?

थोरा: राहू दे, तू तुझं काम बघ. सहाशे माणसं आहेत.

रूना: थोरा, नंबर दे. चारला बंद होतो ना दवाखाना?

थोरा: माझ्या फोनवरूनच लाव. वर आहे, पहिलाच.

रूना: हॅलो, एल्फा? थोरासाठी वेळ हवी होती, शक्य तितक्या लवकर... हो, तीच... नाही, बरी नाहीये ती. कधीपासून, ते मला आजच कळलं... मी? मी तिची बहीण बोलतेय.